शनिवारची शर्यत

कलकत्त्यास बदलून आल्यापासून व्हिक्टोरिया मेमोरियलशेजारचे ते घोड्यांचे मैदान आम्ही बसमधूनच पाहत असू. टर्फ क्लब १८४७ सालचा. आमचा मोह त्या शनिवारचा. आईच्या चष्म्यासाठी ठेवलेले दोन हजार रुपये घेऊन आत शिरलो. टोटवर जमलेल्या रकमेतून क्लबाचा व सरकारचा वाटा आधी निघतो, उरेल ते जिंकणाऱ्यांत वाटतात. हा हिशेब आमच्यासारख्या लेखा-कारकुनास कुणी शिकवावयास नको होता. तरीही पाच शर्यती खेळलो. शेवटचा घोडा मानेइतक्या अंतराने हरला.

रविवारी आईचा फोन आला. आम्ही काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "चष्म्याची घाई नको रे, तुझीच ओढाताण होते तिकडे." आम्ही 'बरं' म्हणालो. चष्मा पुढल्या पगारावर केला. ते 'बरं' मात्र अजून घशाशी आहे.