दिंडीचा नंबर सांगताना

आळंदी ते पंढरपूर वाटचालीत पुणे-सासवड हा टप्पा सगळ्यांत मोठा, तीस किलोमीटरच्या आसपास. त्यात दिवेघाट, आणि बहुतेक वेळा एकादशीचा उपवास. माझी आत्या हरवली ती याच दिवशी.

आत्या सत्तरीची. कित्येक वर्षांची वारकरी. मी पहिल्यांदाच तिच्यासोबत होते. घाटात माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. ते बघायला गर्दी लोटली. आत्या दर्शनाला म्हणून पुढे सरकली आणि दिसेनाशी झाली. फोन लागेना. मी शोधत मागे वळणार, तेवढ्यात आमच्या विणेकरी बाबांनी थांबवलं. "मागं जाऊ नका माऊली, रेटारेटीत पडाल. माणूस पुढंच येणार. तळावर बघू."

सासवडला राहुट्या लागल्या तरी आत्या नाही. मी पोलिसांच्या मदत केंद्रावर नाव दिलं आणि समाजआरतीला गेले. चोपदारांनी दंड उंचावला की सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा. माझ्या पोटात कालवत होतं. आरतीत लक्ष नव्हतं.

राहुटीवर परतले, तर आत्या बसलेली. एका मुलानं आणून सोडलं होतं.

झालं असं, की तिनं वाटेत दिंडीचा नंबर बरोबर सांगितला होता. पण रथापुढच्या सत्तावीस दिंड्यांना वेगळे क्रमांक आणि रथामागच्यांना पुन्हा एकपासून वेगळे. आम्ही रथामागे. लोकांनी तिला रथापुढच्या त्याच नंबरच्या दिंडीत पोचवलं. तिथल्या मराठवाड्यातल्या बायकांनी पायांना तेल चोळलं, उपवासाची भगर वाढली. आडनाव कुणी विचारलं नाही. मला रडू फुटलं, तेव्हा आत्या म्हणाली, "अगं, परकी कुठं होते मी?"

दुसऱ्या दिवशी सासवडला मुक्कामच होता. तेवढ्यात मी आमच्या राहुटीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांसाठी चिठ्ठ्या लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, कारण पावसात कागद टिकत नाही. तुमच्या घरचं कुणी वारीला निघालं असेल, तर त्यांच्याजवळही अशी चिठ्ठी द्या. दिंडीचा नंबर, दिंडीच्या ट्रकचा नंबर, घरचे दोन फोन. आणि सगळ्यांत आधी, ठळक अक्षरात: रथापुढे की रथामागे.