रूश्लिकोनची चढण

झुरिकला गेलेला प्रवासी सरोवर पाहतो, चॉकलेटे घेतो आणि बर्फाच्या डोंगरांकडे निघतो. आम्हीही तेच करणार होतो. पण जावईबापू पडले पदार्थविज्ञानातले. एका रविवारी त्यांनी आम्हां उभयतांना गाडीत बसवले आणि सरोवराच्या काठाकाठाने पाव तासावर असलेल्या रूश्लिकोन नावाच्या गावी उतरवले.

पुढे चढण. टुमदार घरे, मागे वळून पाहावे तो खाली निळेशार पाणी. धापा टाकीत वर पोचलो, तो समोर आय. बी. एम. कंपनीची प्रयोगशाळा. तीही बंद!

"अहो, हे पाहायला एवढं चढलो?" आमच्या सौ.नी मला हळूच विचारले.

जावईबापूंनी ते ऐकलेच. "आई, दिवाळीत तांब्याची भांडी चिंचेनं घासता ना? त्यांवरचा काळपट थर म्हणजे तांब्याचं ऑक्साइड. त्याच्याच गोतातल्या एका पदार्थानं इथं जगाला चकित केलं."

हकीकत अशी. १९११ साली हॉलंडात कामेरलिंग ओनेस यांना आढळले की, पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा विजेला होणारा विरोध साफ नाहीसा होतो. ही अतिसंवाहकता. पुढे नाना धातू नि मिश्रधातू धुंडाळून १९७३ पर्यंत मजल गेली उणे २५० अंशांपर्यंत, आणि तिथेच गाडे रुतले. ऑक्साइडांकडे फारसे कोणी वळेना. ती बहुधा विजेला अडवणारी. फ्यूज बसवतात ती चिनी मातीसुद्धा ऑक्साइडांचीच! तिथे अतिसंवाहक शोधणे म्हणजे वाळूतून तेल काढणे.

हा उद्योग १९८३ साली इथे दोघांनी आरंभला: ५६ वर्षांचे आलेक्स म्यूलर आणि ३३ वर्षांचे गेओर्ग बेडनोर्ट्स. निकेलच्या ऑक्साइडांत दोन वर्षे गेली, हाती काही नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला दोन वर्षांचे अपयश काय असते, हे मी सांगायला नको. १९८५ च्या अखेरीस बेडनोर्ट्स यांच्या वाचनात फ्रेंच रसायनज्ञांचा एक लेख आला. बेरियम, लँथॅनम आणि तांबे यांचे ते ऑक्साइड. फ्रेंचांना ते तापवून पाहण्यात रस. थंड करण्याची बुद्धी ह्या दोघांना झाली. भट्टीत भाजलेल्या त्या काळ्या वडीचा विरोध १९८६ च्या जानेवारीत एकाएकी घसरला. थोड्या फेरफारांनी ती घसरण उणे २३८ अंशांनाच सुरू होऊ लागली. लेखाच्या मथळ्यात मात्र त्यांनी 'संभाव्य' हा शब्द जपून घातला. १९८७ साली दोघांना नोबेल पारितोषिक! त्याच वर्षी अमेरिकेत उणे १८० अंश गाठले गेले, म्हणजे महागड्या हीलियमऐवजी स्वस्त द्रव नायट्रोजन पुरेसा झाला. १९९३ साली खाली झुरिकमध्येच पाऱ्याच्या एका ऑक्साइडाने उणे १४० पर्यंत मजल मारली.

"पण हे होतं कशामुळे?" सौ.

जावईबापू अडखळले. "सर्वांना पटेल असं उत्तर अजून नाही, आई. म्यूलर २०२३ साली गेले, ९५ वर्षांचे होऊन. म्हातारपणीही ते हाच प्रश्न घेऊन बसत."

परतीच्या गाडीला वीस मिनिटे होती. सरोवराकाठच्या बाकावर बसून आम्ही दशम्या सोडल्या.