तीन हप्त्यांत ‘सर’

सर जमशेटजी जीजीभॉय हे ‘बॅरोनेट’ होते, हे मी शाळेत पाठ केले होते. बॅरोनेट म्हणजे काय, हे मास्तरांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. परवा चिरंजीवांनी विचारले, तेव्हा मुकाट्याने पुस्तक उघडले.

1611 साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स पैशाच्या विवंचनेत होता. आयर्लंडात, अल्स्टर प्रांतात फौज ठेवायची आणि खजिन्यात खडखडाट! मग त्याने ही वंशपरंपरेची पदवी काढली. किंमत 1095 पौंड. आता हजार नाही, अकराशे नाही, 1095च का? असला आकडा दिसला की आम्हा कारकुनांना चैन पडत नाही. तर हिशेब असा : शिपाई 30, प्रत्येकाला रोज 8 पेन्स, झाले 240 पेन्स, म्हणजे त्या काळचा नेमका एक पौंड. तीन वर्षे पोसायचे, दिवस 1095. इतकी साफ टोटल मी उभ्या नोकरीत क्वचितच पाहिली! (1612 हे लीप वर्ष होते. तो एक पौंड राजेसाहेबांच्या नजरेतून सुटला.) शिवाय तीन हप्त्यांची सोय. नावामागे ‘सर’, बायको ‘लेडी’. लॉर्डांच्या सभागृहात मात्र जागा नाही. नाईटचे ‘सर’ त्याच्याबरोबरच संपते, बॅरोनेटचे थोरल्याकडे जाते.

जमशेटजींनी काही हप्ते भरले नव्हते. त्यांच्या दानधर्माचा लौकिक मोठा. 1842 साली ते नाईट झाले आणि 1857 साली बॅरोनेट, हिंदी माणसांतले पहिले. 1859 साली ते वारले. मग 1860 च्या कायद्याने ठरले की, ज्याला पदवी मिळेल त्याने नावही जमशेटजी जीजीभॉय असेच घ्यायचे. थोरले कर्सेटजी दुसरे जमशेटजी झाले. पुढेही तेच. पिढ्यान्‌पिढ्या एकच नाव! नमुना सह्यांचे कार्ड सांभाळणाऱ्याची मला दया आली.

“मग त्याची आई त्याला काय म्हणायची?” चिरंजीवांनी विचारले.

पुस्तकात ते नव्हते. पण माझे नाव आजोबांचे. सासऱ्याचे नाव कसे घ्यायचे, म्हणून आईने मला शेवटपर्यंत ‘बाबू’च म्हटले. बँकेत रोज शंभर ठिकाणी जे नाव मी सहीत खरडतो, ते तिच्या तोंडून एकदाही ऐकले नाही.