मधले दोन बाइट

आज लिनक्सच्या आयआयओ (इंडस्ट्रियल आय/ओ) विभागातले सेन्सर-ड्रायव्हर वाचत बसलो. अ‍ॅक्सेलरोमीटरचे तीन अक्ष, प्रत्येकी 16 बिट, म्हणजे 6 बाइट. त्यापुढे वेळेची नोंद, 8 बाइटांची. ती 8 च्या पटीतल्या जागीच सुरू व्हायला हवी, म्हणून मध्ये 2 बाइट सुटतात.

मन त्या दोन बाइटांपाशीच घोटाळत राहिलं. रिकामे म्हणजे कोरे नव्हेत! हे सगळं ठेवणारा बफर स्टॅकवर घेतला आणि आधी शून्यांनी भरला नाही, तर तिथे कर्नलच्या मेमरीतलं जुनं काहीतरी पडून असतं, आणि मोजमापांबरोबर तेही वापरकर्त्याच्या प्रोग्रामच्या हाती जातं. 2020 मध्ये आयआयओचे मेंटेनर जोनाथन कॅमेरॉन यांनी अशा कितीतरी ड्रायव्हरांची दुरुस्ती केली. चिकाटीचं काम, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

32 बिटांच्या एक्स86 वर आणखी एक मेख आहे. तिथे 64 बिटांचा पूर्णांक 4 च्या पटीवरही चालतो. एकच 16 बिटांचा चॅनल असेल, तर कंपायलर वेळेच्या नोंदीला चौथ्या बाइटवर जागा देतो, कर्नलचं फंक्शन मात्र ती आठव्यावर लिहितं. रचना 12 बाइटांची, लेखन सोळाव्यापर्यंत. शेजारच्या मेमरीवर सरळ अतिक्रमण.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनो, वेळेच्या फील्डला 8 च्या पटीवरच बसवणारा ‘अलाइन्ड_एस64’ हाच प्रकार द्या आणि बफर वापरण्याआधी शून्य करा.