दावं: गळ्याची गाठ आणि खुंट्याची गाठ



परवा पुण्याहून लेकीचा फोन आला. तिच्या खोलीत मुंबईची एक मुलगी राहते. पेपरात 'अमक्याच्या दावणीला बांधले' असं वाचून तिनं विचारलं, दावण म्हणजे काय? लेक म्हणाली, "मम्मी, तूच सांग, मला नीट सांगता येईना." मी सांगितलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तोच शब्द मनात घोळत राहिला.

दावं म्हणजे गाईगुरांना बांधायचा आखूड दोर. त्याच्या एका टोकाला गळ्यात घालायचा वेढा, दुसरं टोक खुंट्याला. पूर्वी अंबाडीच्या नाहीतर घायपाताच्या वाखाचं वळलेलं असे, आता सगळीकडे नायलॉनचं. अशी दावी ओळीनं बांधलेली असतात ती दावण. कोर्टातला दावा वेगळा. तो अरबीतून आलेला.

आपलं दावं आलं संस्कृतातल्या 'दाम' या शब्दावरून. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसं दामचं दावं. यशोदेनं कृष्णाच्या पोटाला दोर बांधला म्हणून तो दामोदर, तिथेही हेच दाम. पण दाम म्हणजे फुलांची माळसुद्धा! त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांतलं पाचवं स्वप्न फुलमाळेचं, आणि कल्पसूत्रात त्याला 'दाम' असंच म्हटलं आहे. गळ्यात पडणारी माळ आणि गळ्यात पडणारं दावं, शब्द एकच. आपल्याकडे बहुतेक वर्षी बैलपोळा पर्युषणातच येतो. इकडे स्थानकात स्वप्नांचं वाचन आणि तिकडे गावात बैलांच्या गळ्यात नवं दावं.

मी लग्न होऊन आष्टी तालुक्यातल्या एका खेड्यात आले तेव्हा घरी किराणा दुकान होतं आणि मागच्या गोठ्यात एक गाय. माझं माहेर शहरातलं. गुरं बांधायला मला सासूबाईंनी शिकवलं. म्हणाल्या, "बिंदणी, ध्यानात ठेव. गळ्याला निरगाठ, खुंट्याला सरगाठ." गळ्याचा वेढा पक्का हवा, जनावरानं कितीही ओढलं तरी तो आवळता कामा नये. खुंट्याची गाठ मात्र अशी की एक टोक ओढलं की सुटली. मी मान हलवली, पण दोन गाठींत एवढं काय आहे ते तेव्हा कळलं नाही.

आमचं वासरू द्वाड होतं. खुंट्याची गाठ दातांनी ओढून सोडायचं आणि गाईचं सगळं दूध पिऊन टाकायचं. एका उन्हाळ्यात मी वैतागले आणि खुंट्यालाही निरगाठ मारली. एकावर एक, तीन. सासूबाई तेव्हा लग्नाला परगावी गेल्या होत्या.

त्याच आठवड्यात भर दुपारी शेजारच्या कडब्याच्या गंजीला आग लागली आणि वाऱ्यानं आमच्या गोठ्यावर आली. मी धावले. गाईची गाठ एका हिसक्यात सुटली, गाय बाहेर पळाली. वासराची सुटेना. त्याच्या ओढण्यानं ती दगडासारखी घट्ट झाली होती. माझी बोटं चालेनात. कुणी विळा आणेपर्यंत छप्पर खाली आलं.

सासूबाई परत आल्या. मी रडत सगळं सांगितलं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी आम्ही दोघी प्रतिक्रमणाला बसलो. पहिल्या व्रताचे अतिचार आले आणि पहिलाच शब्द आला, 'बंधे'. तोवर मी तो शेकडो वेळा म्हटला असेन. त्या दिवशी माझा आवाजच फुटला नाही. मग सासूबाईंनी माझ्या वाटचंही म्हटलं.

पुढे चातुर्मासात एका महासतीजींना मी हे सांगितलं. त्यांनी समजावलं की आनंद श्रावकाकडे चाळीस हजार गाई होत्या. अशा माणसानं व्रत घेतलं म्हणजे बांधणं हा रोजचाच प्रश्न. म्हणून आवश्यक सूत्रावरच्या जुन्या टीकांत याचा बारीक विचार आहे. कारणाशिवाय बांधू नये. कारणानं बांधलं तरी गाठ सैल असावी, आग लागली तर सोडता यावी, कापता यावी. आणि मुळात न बांधताही राहतील अशीच जनावरं श्रावकानं पाळावीत. मी ऐकतच राहिले. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या सासूबाईंच्या तोंडी हाच विचार होता!

त्या टीकांत बांधण्याच्या विचारात जनावरांबरोबर माणसंही येतात. घरातले नोकर येतात, अभ्यास न करणारा मुलगाही येतो.

लेक बारावी झाली आणि पुण्याला शिकायला जाते म्हणाली, तेव्हा मी नको म्हणाले. जवळचं कॉलेज आहे, एक चांगलं स्थळही येऊन गेलंय, एकटी मुलगी तिकडे कशाला? रोज एक नवं कारण. एकावर एक गाठी मारत होते. एका रात्री सासूबाईंनी एवढंच विचारलं, "बिंदणी, खुंट्याला कोणती गाठ मारतेस?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी लेकीची बॅग भरायला घेतली.

सासूबाई आता नाहीत. लेकीचा फोन रोज येत नाही. नाही आला तर जीव खालीवर होतो, पण मी ओढत नाही. गळ्यात माळ घातली आहे की दावं, हे घालणाऱ्याला कळत नाही, ज्याच्या गळ्यात पडतं त्यालाच कळतं. म्हणून आपण निदान खुंट्याची गाठ तपासत राहावी.

त्या वासराला आजही रोज मिच्छामि दुक्कडं म्हणते.