शाई घोटणारे हात

15 डिसेंबर 2024 रोजी उस्ताद झाकीर हुसेन यांचा सॅन फ्रान्सिस्को येथे इंतकाल झाला. माहीमला जन्मलेल्या या कलावंताविषयी त्या आठवड्यात वर्तमानपत्रांचे रकाने भरून आले होते. त्यांतली एक बातमी आमच्या घरात दोनदा वाचली गेली. उस्तादांचे तबले अनेक वर्षे बनवणारे हरिदास व्हटकर हे मूळचे मिरजेचे, घरात पिढ्यान्पिढ्यांचा हाच हुनर. उस्तादांची बोटे आपण पडद्यावर कितीदा पाहिली. त्या बोटांखालची पुडी बांधणाऱ्याचे नाव मात्र आम्हाला त्या दिवशी कळले.

वाद्यांविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. त्या चर्चेत आम्ही शिरत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते हाताच्या कामाविषयी. तबला-ढोलकी बनवून रोजी कमावणारी मुस्लिम कुटुंबे आपल्या गावाशहरांतही आहेत, आणि त्यांची मुले आमच्या वर्गात बसतात.

तबल्याचे खोड शिसव, खैर, बिबळा किंवा कडुनिंब अशा लाकडाचे असते. लाकूड आधी नीट वाळू द्यावे लागते. ओले राहिले तर पुढे तडकते. खोड वरून कोरतात आणि खालचा भाग भरीव ठेवतात, म्हणून तबला ठाम बसतो. तोंडावर शेळीच्या कातड्याची पुडी चढते. तिच्या कडेला किनार, मध्ये मैदान, भोवती विणलेला गजरा. गजऱ्यातून कातडी वादी ओवून 16 घरे आवळायची आणि वादीखाली लाकडी गठ्ठे सारायचे. गठ्ठा खाली ठोकला की सूर चढतो, वर घेतला की उतरतो.

खरी परीक्षा शाईची. लोखंडाची बारीक पूड खळीत कालवून तिचा पातळ थर पुडीवर द्यायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. तो सुकत आला की दुसरा थर, मग तिसरा. घोटता घोटता शाईला केसासारख्या बारीक भेगा पडतात. नवख्याला वाटेल, काम बिघडले. पण त्या भेगांमुळेच जाड शाईखालचे कातडे मोकळे थरथरते. भेगा पडल्या नाहीत तर आवाज मुका होतो.

साध्या ढोलाच्या आवाजात स्पष्ट सूर नसतो, तबल्यात तो असतो. असे का होते, याचा शोध सर सी. व्ही. रामन यांनी घेतला. 1920 मध्ये त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात यावर लिहिले. पुडीवरच्या या लेपामुळे तिची कंपने तारेच्या कंपनांप्रमाणे एकमेकांशी जुळतात, असे त्यांनी दाखवले. नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाला ज्या कामात विज्ञान दिसले, ते काम आपले कारागीर कित्येक पिढ्या कानाने आणि अंगठ्याने करीत आले आहेत.

आमच्या शाळेत सहावीतल्या एका मुलाने फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे ‘मजुरी’ असे लिहिले. त्याचे वालिद तबल्याच्या पुड्या बांधतात. असे का लिहिलेस, विचारले तर तो गप्प. मग हळूच म्हणाला, “मुलं म्हणतात, तुझ्या घरात कातड्याचा वास येतो.”

पुढे विज्ञानाचा ‘ध्वनी’ हा धडा आला, तेव्हा आम्ही त्या वालिदांना वर्गात बोलावले. ते एक जुनी पुडी, दगड आणि हातोडी घेऊन आले. मुलांनी पुडीला हात लावून कंपन अनुभवले, गठ्ठा ठोकल्यावर सूर चढतो कसा ते ऐकले. प्रश्नांचा पाऊस पडला. तास संपल्यावर ते आम्हाला म्हणाले, “सर, कौतुक झालं, अल्लाहचा शुक्र आहे. पण पोराला हे शिकवू की नको? दिवसभर घोटून अंगठा झिजतो आणि गिऱ्हाईक भाजीसारखा भाव करतं.”

या प्रश्नाचे सोपे उत्तर आमच्याकडे नव्हते. मुलाने शिकावे, पुढे जावे, यात दुमत नाही. पण सुट्टीच्या दिवशी त्याने वालिदांच्या शेजारी बसावे, लाकूड ओळखावे, वादी ओढून पाहावी, असे आम्ही त्यांना सांगितले. उद्या तो इंजिनिअर झाला तरी हे ज्ञान वाया जाणार नाही; आणि कारागीर झालाच, तर हिशेब, मोबाइलवरची विक्री आणि आपल्या कामाचा योग्य दाम मागणे त्याला जमेल.

हजरत दाऊद (अलै.) आपल्या हाताच्या कमाईवर गुजराण करीत आणि हजरत जकरिया (अलै.) सुतारकाम करीत, हे आपण मुलांना मोठ्या अभिमानाने सांगतो. मग मोहल्ल्यातल्या सुताराशी, पुडी बांधणाऱ्याशी आपण कसे बोलतो, हेही मुले पाहत असतातच. दुरुस्तीला तबला-ढोलकी नेणाऱ्यांनी मजुरीत घासाघीस करू नये. घरात अशा कामाला नाव ठेवू नये. आणि मुलाच्या फॉर्मवर ‘मजुरी’ऐवजी ‘तबला कारागीर’ असे पूर्ण लिहावे.

त्या मुलाचा फॉर्म यंदा त्याच्या वालिदांनी स्वतः भरला. अक्षर वेडेवाकडे आहे, पण व्यवसायाचा रकाना पूर्ण भरलेला आहे.