टाके कोणाचे?

दोन अपत्यांनंतर ‘आता पुरे’ असे आम्ही उभयतांनी ठरविले, तेव्हा बदलीचे गाव बिलासपूर होते. जवळ ना सासर ना माहेर. शेजारणींचा सल्ला मात्र मुबलक, आणि तोही एकमुखी : बाईने टाके घालून घ्यावेत. याच जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात एका दिवसात ८३ स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाली व त्यांतील दहाहून अधिक जणी दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करावयास सांगितली.

चांगल्या इस्पितळात ही भीती फार थोडी, हे आम्हांस मान्य होते. तरी पोटात शिरावेच लागते. पुरुषाची नसबंदी बारीकशा छिद्रातून, तेवढाच भाग बधिर करून, काही मिनिटांत होते. पुढे तीन महिने सबुरी आणि वीर्याची तपासणी. परतीची वाट दोहोंकडे सारखीच बिकट. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांच्या शस्त्रक्रियेचा वाटा ३७.९ टक्के, पुरुषांच्या नसबंदीचा अवघा ०.३!

आमच्या घरी टाके पडले नाहीत. सरकारी नियमांत नसबंदीसाठी विशेष नैमित्तिक रजा आहे, कचेरीतील बडेबाबूंनी तो अर्ज दोनदा वाचला आणि हळूच विचारले, “घरी सर्व ठीक ना?”